दुपारचा हात

चेंडू जाळ्याच्या काठाला लागून तिच्या बाजूला पडला, अगदी मऊ, हातात घेऊन कुरवाळावा असा, आणि समोर उजवीकडचं अख्खं कोर्ट मोकळं होतं. पलीकडची पोरगी डावीकडे पार बाकाजवळ जाऊन घसरून पडली होती. ती उठून परत जागेवर येईपर्यंत दोन माणसांचा चहा पिऊन झाला असता. पाच-चार, चाळीस-तीस, सेटचा गुण. मोकळ्या जागेत चेंडू नुसता ढकलला असता तरी काम फत्ते होतं. तिनं तो डावीकडे मारला. नीट, कमरेइतक्या उंचीवर, पोरीला आवडतो तसा, बरोब्बर तिच्या रॅकेटच्या मधोमध. पोरीनं उठता उठता तो सपकन परत मारला, रेषेवर. आणि रोज सकाळी वीस-वीस चेंडूंचा सराव चालतो तेव्हा म्हणते तसंच, काही विशेष घडलेलं नाही अशा आवाजात म्हणाली, "छान होता, ताई. अजून एक द्या."

कुणाच्या काही लक्षात आलं नाही. कोर्टाबाहेर खुर्ची टाकून बसलेल्या संचालकांनी वहीत काहीतरी टिपलं, ते धाकटीच्या फटक्याबद्दल. धाकटी म्हणजे ही पलीकडची पोरगी, सतरा वर्षांची, केंद्राची लाडकी. ताई म्हणजे ती स्वतः, वय एकोणतीस, जागतिक क्रमवारीत तीनशे एक्क्याण्णवावी. केंद्रातल्या बाकीच्या पोरी तिला आजी म्हणत. तेही लाडानं, पण टेनिसमध्ये एकोणतिसाव्या वर्षी आजी म्हटलेलं लागतं ते लागतंच. तो सेट तिनं पुढे सात-पाच घालवला आणि त्याचं तिला काडीचं वाईट वाटलं नाही. हरणं तिला नवीन नव्हतं. बारा वर्षांत ती इतक्या गावांत हरली होती की नकाशा काढून बसली असती तर भूगोलाची परीक्षा पास झाली असती. पण तो एक चेंडू तिच्या डोक्यातून जाईना. मोकळी जागा तिला दिसली नव्हती असं नाही. दिसली होती. तिनं मनाशी उजवीकडे म्हटलंही होतं. हातानं ऐकलं नाही. स्वतःच्या हातानं आपल्याला न विचारता दुसऱ्याचं काम करावं, ही भीती तिनं आजवर कधी चाखली नव्हती, आणि बाटलीचं झाकण उघडताना तिनं त्या हाताकडे जरा लांबूनच बघितलं. तर्जनीच्या बुडाशी घट्टा, अंगठ्याच्या आत घट्टा, मनगटावर पट्टीचा पांढरा वण. सगळं जागच्या जागी होतं. हात तोच होता, वागला मात्र परक्यासारखा.

संचालक उठून आले ते हसतच. हा माणूस हसत आला की काहीतरी काढून घ्यायला आलाय हे सगळ्यांना माहीत होतं, पण तोंड उघडायची कुणाची टाप नव्हती, अळीमिळी गुपचिळी. खालच्या क्रमांकाच्या खेळाडूंना वर चढवायची योजना त्यांच्या हातात होती. कोर्ट, चेंडू, व्यायामशाळा, स्नायू चोळून देणारा डॉक्टर, परगावच्या स्पर्धांचा प्रवास, सगळं त्यांच्या एका होकारावर चालायचं. स्वतः ते कधी कोर्टावर उतरत नसत, उंटावरून शेळ्या हाकत. त्यांचा सारा जीव आलेखात. प्रत्येक खेळाडूची एक रेघ त्यांच्या भिंतीवर होती. तीन महिन्यांपूर्वी त्यांनी तिला बोलावून तिची रेघ दाखवली होती. दोनशे सत्त्याऐंशीपर्यंत वर गेलेली, मग गुडघ्याच्या दुखण्यानं खाली आलेली, मग नुसती सरळ. तुमची रेघ पठारावर आलीय, ते म्हणाले होते. तिला रेघेपेक्षा ते 'तुमची' जास्त झोंबलं. सहा वर्षं हा माणूस तिला अगं-तुगं करून ओरडत आला होता, पाय उचल गं, झोपलीस काय. आणि त्या दिवसापासून अचानक अहोजाहो. माणसाला कामावरून काढायच्या आधी असाच मान देतात. तोवर धाकटीला थोडी साथ द्या, असं ते म्हणाले होते, आणि ते 'तोवर' तीन महिने चाललं होतं.

आता त्यांनी एक कागद दिला. सराव-सहकारी म्हणून कायमची नेमणूक, स्पर्धा खेळणं बंद, सही करून दुपारी चारला परत द्यायचा. चारलाच योजनेच्या समितीची दोन माणसं धाकटीला बघायला येणार होती. तिला परदेशातल्या मोठ्या स्पर्धांच्या दौऱ्यावर पाठवायचं की नाही ते त्यांच्यासमोर ठरणार होतं. "एक सेट खेळून दाखवा," संचालक म्हणाले, "पण तिला खेळू द्या. तुमच्या हाताला सोनं आहे हो, अशी लय देणं सगळ्यांना नाही जमत." सकाळपर्यंत हे ऐकून तिला थोडं बरंही वाटलं असतं. आता त्या सोन्यानं तिच्या अंगावर काटा आला.

घरी जाताना बसमध्ये ती खिडकीपाशी बसली आणि रॅकेटची पिशवी मांडीवर आडवी घेतली, शेजारची जागा अडवल्याबद्दल एका बाईनं डोळे वटारले तरी हलली नाही. हे कधी झालं याचा ती शोध घेत होती. पहिल्या आठवड्यात नाही. पहिल्या आठवड्यात तिला वीस चेंडू एका जागी मारायचा कंटाळा यायचा आणि एकविसावा ती मुद्दाम लांब मारायची, खोडी म्हणून. धाकटी धावायची, हसायची. मग संचालकांनी सांगितलं, लय बिघडते, नको. दुसऱ्या महिन्यात तिनं आपल्या रॅकेटच्या तारांचं गटिंग सैल करून घेतलं, खांदा दुखू नये म्हणून. दिवसाला हजारभर चेंडू द्यायचे तर ताठ तारा कोण सोसणार? गटिंगवाल्यानं तेव्हा भुवया उंचावल्या होत्या, इतकं सैल? तिनं म्हटलं होतं, हो, आता काय करायचंय. हे वाक्य ती बोलून गेली होती आणि ते आत्ता, बस सिग्नलला उभी असताना, तिला ऐकू आलं. तिसऱ्या महिन्यात धाकटीची रेघ भिंतीवर सरळ वर चढली, फोरहँडवर मिळवलेले गुण दुप्पट झाले, संचालकांनी सगळ्यांना गोळा करून ती रेघ दाखवली आणि टाळ्या वाजवल्या. तिनंही वाजवल्या. त्या रेघेची निम्मी उंची आपल्या हाताची आहे हे तिथं एकट्या तिलाच ठाऊक होतं, आणि तिला त्याचा चक्क अभिमान वाटला होता. कशाचा अभिमान, गाढवे, ती मनात म्हणाली. दुसऱ्याच्या लग्नात पाणी वाढल्याचा?

खालच्या स्पर्धांत एक रीत असते, बाहेरच्यांना सांगितली तर खरी वाटत नाही. मोठ्या खेळाडूंबरोबर सरावाला माणसं असतात. तीनशे-चारशे क्रमांकाच्या बाया एकेकट्या फिरतात. सकाळी अंग मोकळं करायला कुणी नसतं, म्हणून ज्या बाईशी दुपारी सामना, तिच्याशीच सकाळी अर्धा तास खेळायचं. डबाभर चेंडू दोघींत. मी तुला वीस देते, तू मला वीस दे. सकाळी एकमेकींच्या हातात चेंडू द्यायचा आणि दुपारी त्याच बाईला कोपऱ्याकोपऱ्यात पळवून तिचा दम काढायचा. एका समुद्राकाठच्या गावात तिनं आपल्या खोलीतल्या जोडीदारणीशीच असा सामना खेळला होता. एकाच खोलीत झोपल्या, एकीनं दुसरीच्या पाठीला मलम चोळलं, सकाळी वीस-वीस चेंडू, आणि दुपारी पावणेतीन तास एकमेकींना फाडून खाल्लं. ती जिंकली होती. संध्याकाळी जोडीदारीण सामान भरताना म्हणाली होती, सकाळचा हात वेगळा न् दुपारचा वेगळा, बाई, तुझ्याकडे दोन्ही आहेत. तेव्हा दोघी खूप हसल्या होत्या. ती जोडीदारीण आता कुठल्याशा हॉटेलात पाहुण्यांना टेनिस शिकवते. बस वळली तशी पिशवी तिच्या गुडघ्यावर आपटली, आणि तिला एकदम कळलं, की केंद्रानं तिच्याकडून दुसरं काही घेतलं नव्हतं, फक्त तीन महिने रोज सकाळ करून टाकली होती. दुपार होऊच दिली नव्हती. तिला संताप आला, आणि त्यातला मोठा वाटा स्वतःवरचा होता, कारण कुणी तिचे हात बांधलेले नव्हते.

घरी वहिनी होती. दादा-वहिनींच्या घरातली मागची खोली तिची, म्हणजे अर्धी तिची आणि अर्धी इस्त्रीच्या टेबलाची. वहिनी इस्पितळात रक्त तपासायच्या खोलीत काम करायची, सकाळभर लोकांच्या दंडात सुया खुपसून दुपारी घरी यायची आणि आल्यावर तिचं बोलणंही तसंच असायचं, चटकन टोचून मोकळं. प्रत्येक स्पर्धेहून ही परत आली की ती दारातच विचारायची, जिंकलीस की शिकलीस? कारण एकदा हरून आल्यावर हिनं शहाणपणानं सांगितलं होतं की प्रत्येक पराभवातून माणूस शिकतं, आणि वहिनीनं हिशेब केला होता की मग आतापर्यंत तू पंडिता व्हायला हवी होतीस. आज तिनं चेहरा पाहून प्रश्न गिळला आणि ताट वाढलं. हिनं कागद टेबलावर ठेवला. वहिनीनं हात पुसून तो पूर्ण वाचला, मागची बाजूही उलटून बघितली.

हिनं सगळं सांगितलं, नेमणूक, कायम, महिन्याच्या महिन्याला, गुडघ्यालाही आराम. आपणच संचालकांची वकिली करतोय हे ऐकत ऐकत सांगितलं. चेंडूचं मात्र सांगता येईना. मोकळी जागा होती आणि मी तिच्याच हातात मारला, एवढंच तर वाक्य. शेवटी सांगितलं. वहिनीला टेनिसमधलं ओ की ठो कळत नव्हतं, तिनं विचारलं, म्हणजे चुकून? हिनं मान हलवली. चुकून नाही. चुकून मारला असता तर बरं झालं असतं.

वहिनीनं कागदाची घडी घातली. नवी मुलगी कामाला लागली की पहिले पंधरा दिवस तिला दंडातली शीर सापडत नाही, ती म्हणाली, मग आम्ही शोधून देतो, बोट ठेवून दाखवतो. आणि एखादीला तशीच सवय लागते, दोन वर्षं झाली तरी दुसऱ्याच्या बोटाची वाट बघते. हिला ते पटलं आणि म्हणून रागही आला. मग करू काय, ती फाडकन म्हणाली, तीनशे एक्क्याण्णवावी आहे मी, एकोणतीस वर्षांची. कागद खरं तेच सांगतोय.

"हे बघ," वहिनी म्हणाली, "सही करायची असती तर तिथंच करून आली असतीस. एवढ्या लांब कागदाला बसमधून फिरवून आणायचं काय कारण?"

हिनं ताट पुढे ओढलं. ती जेवली, पोटभर जेवली, आणि मग मागच्या खोलीत इस्त्रीच्या टेबलावर दादाचा लॅपटॉप उघडून पुढच्या पंधरवड्यातल्या एका छोट्या स्पर्धेच्या पात्रता फेरीला नाव घातलं. प्रतीक्षा यादीत नववी. म्हणजे वरच्या नऊ जणींनी कुठं पाय मुरगळून घेतला, विमान चुकवलं, प्रेमात पडल्या, तर हिचा नंबर. तिला हसू आलं. मग तिनं कपाटातून जुनी रॅकेट काढली, गुडघा दुखायच्या आधीची, ताठ तारांची. दोन तारा झिजून दोऱ्यासारख्या झाल्या होत्या. कधीही तुटतील, तुटू देत.

चार वाजता समितीची दोन माणसं सावलीतल्या खुर्च्यांवर बसली होती, एक जाडसर गृहस्थ आणि एक बाई, बाईच्या मांडीवर फाइल. संचालकांनी तिच्याकडे कागद मागायला नजर टाकली, तिनं पिशवीकडे बोट केलं, नंतर. धाकटीनं नव्या वेण्या घातल्या होत्या आणि ती घाबरली होती. घाबरली की ती रॅकेटची मूठ सारखी पुसायची. पहिली सर्व्हिस धाकटीची. आणि पहिल्याच चेंडूला हात पुन्हा तसाच वागला. कमरेच्या उंचीवर, मधोमध. दुसऱ्या चेंडूला तेच. तिनं पाय उलटे टाकून पाहिले, चेंडू उशिरा घेऊन पाहिला, तरी हात आपला देतोय, देतोय, दानशूर मेला. शून्य-एक, शून्य-दोन, शून्य-तीन. जाडसर गृहस्थ प्रसन्न होऊन मान डोलवत होते. बाजू बदलताना तिला घाम फुटला होता तो उन्हाचा नव्हता. इथं हरण्याजिंकण्याचा प्रश्न तिच्या मनातून केव्हाच गेला होता. हा हात आपला आहे की नाही एवढंच आज कळायला हवं होतं, आणि नसेल तर तो कागद पिशवीत होताच.

चौथ्या गेमला सर्व्हिस तिची. तिनं चेंडू आपटला आणि धाकटीकडे बघितलं, तेव्हा तिला जाणवलं की तीन महिने आपण सर्व्हिस करण्याआधी हिच्याकडे बघतोय, तयार आहे का, बरी आहे का, आई पोराकडे बघते तसं. तिनं नजर काढून घेतली. पलीकडे नुसतं कोर्ट ठेवलं. रेषा, कोपरे, जाळ्यामागची उथळ जागा. धाकटी तिथं कुठंतरी होती, असू दे, तिची ती बघेल. आणि चेंडू डाव्या कोपऱ्यात गेला. ताठ तारांचा आवाज कोरडा, ठक्क असा आला, तो तिनं कित्येक दिवसांत ऐकला नव्हता. परत आलेला चेंडू तिनं उजव्या कोपऱ्यात मारला, मग पुन्हा डावीकडे, आणि मग जाळ्यापाशी अलगद टाकला. धाकटी धावून धावून जाळ्यात हात घालून थांबली आणि तिच्याकडे बघत राहिली, घरच्या माणसानं भर रस्त्यात ओळख दाखवू नये तसं तिला झालं होतं. तिला पोरीची दया आली. दया आली तरी तिनं पुढचा चेंडू बॅकहँडला उंच उडवला, कारण पोरीचा उंच बॅकहँड कच्चा आहे हे तिच्याइतकं जगात कुणाला माहीत नव्हतं. तीन महिने तिनं एकही चेंडू तिथं टाकला नव्हता. एक-तीन, दोन-तीन, तीन-तीन. चार-तीन झालं तेव्हा तिच्या छातीत भाता चालत होता आणि गुडघा ठणकत होता आणि तिला इतका आनंद झाला होता की तिला स्वतःशीच लाज वाटली. मग धाकटीनं दात-ओठ खाऊन तिची सर्व्हिस फोडली. चार-चार.

तेव्हा संचालक उठले. पाहुण्यांकडे वळून, हसून, त्यांनी टाळ्या वाजवल्या, वेळ झाली, पुरे, आता मुलीचे नेहमीचे फोरहँड दाखवू या, वीस-वीस. मग बाकाजवळ येऊन आवाज खाली घेऊन ते म्हणाले, "काय चाललंय हे? तिची लय बिघडवतेस तू."

रागाच्या भरात ते पुन्हा अगं-तुगंवर आले होते, आणि ते ऐकून तिला बरंच वाटलं. तिनं पिशवीतून कागद काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी उघडला, सहीची रिकामी जागा बघितली. तिनं सांगितलं की पुढच्या पंधरवड्यात पात्रता फेरीला नाव घातलंय, प्रतीक्षा यादीत आहे. संचालकांचं हसू गेलं. योजनेत राहायचं तर योजनेचं ऐकावं लागतं, ते म्हणाले, उद्यापासून इथलं कोर्ट नाही, डॉक्टर नाही, चेंडू नाही, एकटी कुठं जाणार, पाण्यात राहून माशाशी वैर बरं नव्हे. सगळं खरं होतं. डॉक्टर गेल्याचं तिला खरंच वाईट वाटलं.

"उद्यापासून ना?" ती म्हणाली. "आज अजून आहे. चार-चार झालेत."

संचालकांनी वळून धाकटीला हाक मारली, फोरहँडच्या जागेवर जा म्हणून. धाकटी गेली नाही. ती मागच्या रेषेवर उभी होती, लाल झालेली, वेण्या सुटलेल्या, आणि तिनं चेंडू आपटायला घेतला होता. सर, थांबा, मला खेळायचंय, ती म्हणाली, संचालकांकडे न बघताच. समितीच्या बाईनं फाइल मिटली आणि खुर्ची थोडी पुढे ओढली. संचालक कागदाची घडी घालत, उघडत, पुन्हा घालत सावलीत जाऊन उभे राहिले.

नववा गेम लांबला, किती ड्यूस झाले ते कुणी मोजलं नाही. धाकटी तिच्या अंगावर मारत होती, खरोखर अंगावर, एक चेंडू मांडीला बसला आणि चट्टा उठला. तिनं माफी मागितली नाही. शेवटी तो गेम पोरीनं दोन चुकीच्या सर्व्हिसनी घालवला. पाच-चारला ताईनं सर्व्हिस केली, साधीच, पण लांबवर, उंच बॅकहँडला, आणि तिसऱ्या वेळी पोरीचा फटका जाळ्यात अडकला, चौथ्या वेळीही. सहा-चार. टाळ्या नव्हत्या. जाडसर गृहस्थ घड्याळ बघत होते.

धाकटी जाळ्यापाशी आली ती हात पुढे न करता.  दौरा गेला असेल किंवा नसेलही, ते त्या फाइलवाल्या बाईलाच ठाऊक. पोरीच्या डोळ्यांत दौरा नव्हता. तिनं आपल्या उंच बॅकहँडच्या बाजूला, त्या रिकाम्या जागेकडे एकदा वळून बघितलं आणि मग हिच्याकडे.

"तीन महिने," ती म्हणाली, "तुम्ही मला फसवत होतात."

हे ताईला बसमध्ये सुचलं नव्हतं, वहिनीपुढे सुचलं नव्हतं. आपलं गेलं, आपला हात, आपली दुपार, एवढंच ती दिवसभर कवटाळून बसली होती. नाही म्हणायला जीभ वळली, संचालकांचं नावही ओठांवर आलं. ते तिनं आत ढकललं.

"हो," ती म्हणाली. मग वाकून जाळ्याजवळचे दोन चेंडू उचलले आणि पोरीच्या हातात दिले. "चल, दुसरा सेट. सर्व्हिस तुझी."